बेलाखालचं मीठ

उदगीर,
बेस्तरवार, ता. १२ फेब्रुवारी २०२६

चि. शरणम्मास अक्काचा आशीर्वाद. जावईबापूंना, लेकीला, लेकरांना बी आशीर्वाद. इकडं सगळी खुशाली हाय असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. खुशाली कुठवर हाय ते तुला पुढं वाचल्यावर कळंल.

माझं अक्षर बघून हसू नको. चौथीत शाळा सुटली ती सुटली. फोनच केला असता, पण मी केला की तुझी लेक म्हणती, आई झोपलीय. दुपारी बी झोपलीय, दिवाबत्तीला बी झोपलीय. आपल्या घरात दिवसा झोपलेली बाई म्हणजे तापानं फणफणलेली बाई. तुला फोनवर यायचं न्हाई, एवढं मला कळतंय. म्हणून कागद घेतला. कागदाला कुणी झोपलीय म्हणत न्हाई.

आधी आनंदाचं सांगते. माझा मोतीबिंदू निघाला. नांदेडला लेकीकडं गेले ते दिवाळीच्या आधी, अन संक्रांत करूनच आले. लेकीनं अर्धापूरची केळी इतकी खाऊ घातली की आता केळ दिसलं तरी तोंड फिरवते. पण डोळा काय झालाय म्हणून सांगू. पट्टी सोडली तवा पहिलं डॉक्टरीणबाईच्या कानातलं दिसलं, त्यातला खडा बी दिसला. मी म्हणलं, बाई, खडा खोटा हाय. ती इतकी हसली की नर्स धावत आली. आता सुईत दोरा मीच ओवते, सुनेला, अंबिकाला, देत न्हाई. देवळाच्या कळसावर बसलेला कावळा घरच्या पायरीवरून दिसतो. म्हातारपणी नवं लेकरू झाल्यासारखं वाटून राहिलं बघ.

पण नवा डोळा घेऊन घरी आले अन पहिलं काय दिसलं, तर घाण. बोर्डाच्या बटनांवर तेलाचा थर, त्याच्यावर पिठाचा थर, त्याच्यात मुंग्या चिकटून मेलेल्या. पिनच्या भोकातून झुरळाच्या मिशा बाहेर. शिवा शिवा. इतकी वर्षं मी हे बोटानं दाबून राहिले होते. मी हात चार वेळा धुतला तरी वास जाईना.

आणखी एक बघितलं. स्वैपाकघरात चपला.

तुला माझा स्वभाव ठाऊक हाय. लिंगपूजा झाल्याबिगर मी चुलीपाशी जात न्हाई, अन गेले तर अनवाणी. तिथं अंबिका रबरी चपला फटाक फटाक वाजवत भाकऱ्या थापतीय. फ्रिजपुढं लाकडी पाट टाकलेला. मला वाटलं कुणाला तरी जेवायला वाढलंय. मी पाट उचलून भिंतीला लावला, तर अंबिका ओरडली, "आत्या, अनवाणी फ्रिज उघडू नका. चावतो."

फ्रिज चावतो. मिक्सर चावतो. वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात. हे सगळं मला आल्या दिवशी असं सांगितलं जसं कुणी सांगावं की शेजाऱ्यानं कुत्रं पाळलंय. मी लेकाला, उमाशंकरला, विचारलं, वायरमन बोलावलास का. तर म्हणला, बोलावला होता. त्या दिवट्यानं फ्रिजला टेस्टर लावला, टेस्टरचा दिवा पेटला, अन तो म्हणला, जुनं घर हाय मालक, जुन्या घरात असं होतंच, चपला घालत जावा. चहा पिला अन गेला. मेला. उद्या जिन्याची पायरी तुटली तर म्हणंल, उडी मारत जावा.

अन तुझ्या खोलीला कुलूप.

मी विचारलं, शरणम्मा कुठं हाय. तर दोघं बी एकाच तोंडानं म्हणले, काकू धर्माबादला लेकीकडं गेल्या, मोटरीच्या पाण्यावरून जरा वाजलं. मला पटलं न्हाई. तू पाण्यावरून भांडणारी बाई न्हाईस. ज्या साली टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा त्या साली तू आपली घागर मागं ठेवून बाळंतिणीची पुढं करायचीस. तरी मी गप बसले. नवा डोळा होता, डॉक्टरीण म्हणली होती डोकं तापवायचं न्हाई.

मग वास यायला लागला. मीटरच्या बोर्डापाशी. अंबिका म्हणली उंदीर मेला असंल. मी स्टूल घेतलं, चढले, अन नव्या डोळ्यानं बघितलं. मीटरच्या डोक्यावर करवंटी. करवंटीत कुंकू, काळा दोरा, सुकून काळं पडलेलं लिंबू, अन फुटलेलं अंडं. अंडं, शरणू. आपल्या घरात. आपल्या सासूबाईंनी भाड्यानं खोली बघायला आलेल्या मास्तरला पिशवीतल्या अंड्यासाठी पायरीवरूनच परत लावलं होतं, त्या घरात मीटरवर अंडं फुटून भिंतीवरून ओघळ खाली आलेला. ओघळात अळ्या. त्या दिवशी मी जेवले न्हाई, दुसऱ्या दिवशी बी पाण्यावरच होते.

उमाशंकरला विचारलं तर मान खाली. म्हणला, घरात करंट हिंडतोय, एका जाणत्या माणसानं सांगितलं ठेवायला. मी म्हणलं, करंट हिंडतोय तर वायरमन लागतो, जाणता कामून लागतो. तो उठला, स्कूटी काढली अन धान्याच्या मोंढ्यात गेला. अडतीवर बसला की तो लई शहाणा असतो. हरभऱ्याचा एक दाणा दातात धरून ओल किती हाय सांगतो. घरात आला की शहाणपण अडतीवरच ठेवून येतो वाटतं.

सोमवारी सकाळी अंबिका न्हाणीत गेली. गिझर चालू, खाली स्टीलची बादली, पाय ओले, न्हाणीत तेवढ्या चपला न्हाईत. नळाला हात लावला अन किंचाळली. दुसरा आवाज आलाच न्हाई. मी लाटणं हातात घेऊन होते, तशीच धावले, अन त्या लाटण्यानंच मेनचा खटका खाली पाडला. मग दार ढकललं. वाचली. महादेवानं वाचवली. तळहाताला काळा डाग पडलाय, दवाखान्यात नेली, दुसऱ्या दिवशी घरी आणली. आता बरी हाय, काळजी करू नको. तू काळजी करशील, मला ठाऊक हाय, तिनं तुझं काही केलं असलं तरी.

तर त्या न्हाणीच्या दारात, ओली, थरथरणारी, ती बाई मला काय म्हणली ठाऊक हाय का. म्हणली, "आत्या, काकूंनी केलेलं अजून उतरलं न्हाई."

मी म्हणलं, काय केलेलं. मग एकेक निघालं.

दिवाळी झाल्यावर अंगणात ते सिमेंटचे ब्लॉक बसवायला घेतले. आडापाशी, बेलाच्या बुडाशी खणलं. खालून निघाला कोळसा. कोळशाखाली मीठ, थरावर थर. त्याच्याखाली तांब्याचा पत्रा, हिरवा पडलेला, अन पत्र्याला तार. खणणारे फावडी टाकून बाजूला झाले. कुणीतरी म्हणलं करणी. तो जाणता आला. हिरव्या डागात त्याला आकडे दिसले. तार घराकडं गेलेली बघून म्हणला, घर बांधून टाकलंय. पत्रा तो घेऊन गेला, नदीत सोडतो म्हणून. नदीत कशाला सोडंल, भंगारवाल्याकडं सोडला असंल. जाताना विचारून गेला की इथं रोज कोण येतं.

अन रोज तिथं तू यायचीस. उन्हाळा लागला की सकाळी तांब्याभर पाणी, तोंडात नमः शिवाय. सगळ्या गल्लीनं बघितलेलं.

मी अंबिकाला म्हणलं, "तार कुणीकडं गेल्ती?"

"घरात, आत्या. मीटरपाशी."

"अन ती काय केलीत?"

"तोडली. जाणत्यानं तोडायला लावली."

शरणू, मला हसू आलं. खरं सांगते, ओली सून समोर थरथरत बसलीय अन मला हसू आवरंना. मी म्हणलं, "बाई गं, ती आर्थिंग हाय. तुझ्या सासऱ्यानं घातलेली. त्यातलं अर्धं मीठ माझ्या कमरेवरून आलंय." अन मग हसू कुठं गेलं ते कळलं न्हाई.

तुला ठाऊक नसंल ते आता सांगते. ठाऊक असायचं कारणच न्हाई, तू तवा बाळंतपणाला माहेरी होतीस, ही तुझी धर्माबादची लेक पोटात होती. आडावर मोटर बसवली. मोटर बसवणारा म्हणला, हिचा करंट कधी अंगावर आला तर माणूस जागेवर जाईल, जमिनीत वाट काढून द्या. मग उमाशंकरच्या आप्पांनी माणूसभर खोल खड्डा घेतला. तांब्याचा पत्रा, त्याला तार, वर मीठ अन कोळसा. मीठ ओल धरून ठेवतं. हा उमाशंकर लहान होता, खड्ड्यात उतरला अन त्याच कोळशानं तोंड काळं करून घेतलं. मी आडावर नेऊन घासून धुतलं होतं. तवाचं धुतलं गेलं. आताचं कशानं धुवू.

तू लेकरू घेऊन आलीस तवा वर नुसती माती होती अन पाणी घालायला एक पाईपाचं तोंड. अंगण झाडायचं तुझ्याकडं होतं. ह्यांनी तुला सांगितलं, पण भासरा, थोरला दीर, धाकट्या भावजयीशी बोलणार कसा. भिंतीकडं तोंड करून म्हणले, उन्हाळ्यात इथं तांब्याभर पाणी पडायला पाहिजे. तू पदराआडून मान हलवलीस. कशाला, असं तू विचारलं न्हाईस. विचारायची रीतच नव्हती. हे गेले, तुझे मालक चंद्रप्पा भाऊजी गेले, पण भिंतीला सांगितलेला तो शब्द तू सोडला न्हाईस. तुला वाटत असंल बेलाला पाणी घालते. बेलाला घातलंस का न्हाई महादेवाला ठाऊक. पण जमीन वाळली की आर्थिंग मरते, अन ती तू मरू दिली न्हाईस. ह्या घरात कुणाला साधा झटका बसला न्हाई तो तुझ्या तांब्यामुळं.

अन ती तार तोडल्यावर काय झालं ते बघ. गिझर आतून कधीचा बिघडला होता. त्याचा करंट इतके दिवस गुपचूप जमिनीत जायचा. बोर्डावर पिनला वरचं मोठं भोक असतं ना, त्याच्यातून फ्रिज, मिक्सर, मशीन, गिझर, सगळ्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या अन पुढं त्या खड्ड्यात गेलेल्या. खड्डाच काढून टाकला. बाहेरची नाली तुंबली की घाण पाणी प्रत्येक न्हाणीत वर येतं का न्हाई, तसा गिझरचा करंट फ्रिजमध्ये आला, मिक्सरमध्ये आला. अन हे म्हणले, बघा, काकूंची करणी घरभर पसरली.

आता जे लिहायचं टाळून राहिले ते लिहिते.

माझ्या लेकानं तुला अंगणात उभं केलं. पाण्यावरून वाजलं न्हाई. गल्ली ऐकत होती. ज्यानं तुझ्या पदराला धरून पहिलं पाऊल टाकलं, मी पाटा-वरवंट्याशी असायचे अन तू त्याला भरवायचीस, तो म्हणला, "चेटकिणी, आमचं घर गिळायला बेलाखाली पुरलंस." अन तू म्हणलीस, "आप्पांनी सांगितलं होतं पाणी घालायला." तर त्यानं पुढं काय म्हणावं. "मेलेला माणूस येऊन सांगतो का तुला?" अंबिकानं मला हे शब्द जसेच्या तसे सांगितले, रडत सांगितले. तू पिशवी भरलीस अन गेलीस. त्यांना वाटलं गुन्हा कबूल केला. मला ठाऊक हाय तू कामून गेलीस. तुला वाटलं असंल, अक्काला बी हेच वाटतंय, म्हणूनच ती नांदेडहून येईना.

मला कुणी सांगितलंच न्हाई गं. नवा डोळा घेऊन त्या घरात बसले होते अन आंधळी होते.

गल्लीत गेले तवा आणखी कळलं. समोरच्या उमाबाईला विचारलं, विरजण कुणाकडून आणतीस आता. सगळी गल्ली तुझ्या दह्यावर दूध लावायची. ती म्हणली, अक्का, तवाच सगळं ओतून दिलं, लेकरांच्या पोटात नको जायला. दही ओतून दिलं. तुझ्या हातचं. मी तिच्या दारातून पाणी न पिता परत आले.

रात्री न्हाई, दिवसाढवळ्या, अडतीवर जाऊन मी उमाशंकरला सांगितलं ते काय होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं, म्हणलं लेक माझाच हाय. पण मग काय म्हणला माहीत हाय का. "आई, गैरसमज झाला. नवीन आर्थिंग करून घेतो, गुपचूप. आता गल्लीत सांगत बसायचं का? अडतीवर लोक हसतील."

गैरसमज. हा शब्द मला त्या करवंटीतल्या अंड्यासारखा वाटला. वरून गोल, पांढरा, साफ. फोडला की वास.

मी विचारलं, लोक तुला हसले तर तुला लाज, अन तिला चेटकीण म्हणले ते चालतंय? तर म्हणला, काकू म्हाताऱ्या झाल्यात, तिकडंच सुखात हाईत. शरणू, मी त्याला नऊ महिने वागवलं ते त्या घडीला मला नको वाटलं. आईनं असं लिहू नये. लिहिलं.

तर मी काय केलंय ते सांगते. मेन बंद हाय, अन मेनचे फ्यूज माझ्या चंचीत हाईत, सुपारीबरोबर. घरात उजेड न्हाई. फोन चार्ज करायला लेक अडतीवर जातो, अंबिका एका हातानं चुलीवर पाणी तापवते. तिनं तोंडातून एक शब्द काढला न्हाई, उलट काल मला म्हणली, आत्या, काकू येईस्तोवर असंच राहू द्या. नवा खड्डा घेतलाय त्याच जागी. नवा वायरमन म्हणतो, तांब्याचा पत्रा घालू, गिझर बदलू, अन करंट गळला की आपोआप बंद होणारं बटन बी लावू. सगळं लावंल. पण खड्डा मी भरू दिला न्हाई. वर फळी टाकलीय, फळीवर मी बसते. येणारे जाणारे विचारतात, अक्का, इथं काय. मी सांगते. सगळ्यांना सांगते, मीठ कुणी पुरलं, पाणी कुणी घातलं, तार कुणी तोडली. हसतात. हसू दे.

पण माझ्या सांगण्यानं भागत न्हाई. आई लेकाची घाण झाकते तशी जावेची बी झाकून राहिली, असं म्हणायला लोक मोकळे. सांगायला पाहिजे त्यानं.

म्हणून हे पत्र त्याच्याच हाती पाठवलंय. धर्माबादला मिरचीच्या सौद्याला तो येतोच, मी म्हणलं आधी काकूचं दार, मग मिरची. आत काय लिहिलंय ते त्याला सांगितलं न्हाई. तो आता तुझ्या उंबऱ्याबाहेर उभा असंल, घाम पुसत. त्याला बस म्हणायचं का न्हाई ते तू ठरव. तुझी माया मला ठाऊक हाय, तू पाण्याचा तांब्या आधी उचलशील. जरा थांब. त्याला आधी बोलू दे. तो म्हणंल गैरसमज झाला. ते घेऊ नको. त्याला म्हण, मला समजलं न्हाई, पुन्हा सांग. तो म्हणंल, झालं गेलं. ते बी घेऊ नको. "काकू, ती आर्थिंग होती, अन मी तुला चेटकीण म्हणलो" एवढं त्याच्या तोंडून जावईबापूंच्या समोर निघू दे. मग पाणी दे.

अन तू आलीस तर शिवरात्रीच्या आधी ये. मीठ तो मोंढ्यातून डोक्यावर आणंल, पायी, गल्लीतून. खड्डा भरला की पहिलं पाणी तू घालायचंस, सगळ्यांच्या देखत.

न आलीस तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार न्हाई. ज्या अंगणात तुला उभं केलं तिथं पुन्हा पाय ठेवावा असं तुला कामून वाटावं. मला वाटलं नसतं. तू न्हाई म्हणलीस तर त्याला तसंच परत पाठव. तो एकटा आलेला दिसला की मी समजेन.

फ्यूज माझ्यापाशीच राहतील. दिवाबत्तीला समई लावते, तेवढा उजेड मला पुरतो, डोळा नवा हाय.

शरणु शरणार्थी.

खड्ड्यावरच्या फळीवर बसून वाट बघणारी,
तुझी अक्का